ईसीजी हार्ट अटॅकचा, आजार पोटॅशियमचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ २६ वर्षांचा, लहानपणापासून टाइप-१ डायबेटिस. दोन दिवस उलट्या, खाणं बंद, आणि 'खातच नाही तर इन्सुलिन कशाला' म्हणून इन्सुलिनही बंद. धाप लागली तेव्हा रुग्णालयात नेलं. तिथे ईसीजी पाहून 'मोठा हार्ट अटॅक आहे' म्हणाले, अँजिओग्राफीच्या संमतीपत्रावर तुमची सही घेतली. अर्ध्या तासाने दुसरे डॉक्टर आले, पोटॅशियम ७.४ आहे म्हणाले आणि अँजिओग्राफी थांबवली. सहा तासांनी काढलेला ईसीजी जवळजवळ नॉर्मल. तुम्ही विचारताय: पहिला ईसीजी चुकीचा होता का? अटॅक खरंच नव्हता, की आता काहीतरी लपवलं जातंय? आणि भावाच्या हृदयाला कायमची इजा झाली का?

मी गेली २२ वर्षं अतिदक्षता विभागात काम करतो. तुमच्या भावाच्या ईसीजीचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्याच्याविषयी शेवटचा शब्द त्याच्यावर उपचार करणाऱ्यांचाच. पण तुम्ही सांगितलेला क्रम माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, आणि त्यात लपवाछपवीसारखं मला काही दिसत नाही. पहिले डॉक्टर घाबरले तेही योग्य होतं, दुसऱ्यांनी थांबवलं तेही योग्य होतं. दोन्ही एकाच वेळी बरोबर कसे असू शकतात, ते नीट सांगतो.

आधी ईसीजी काय दाखवतो ते पाहू. तो रक्तवाहिनी दाखवत नाही. हृदयाच्या स्नायूतून फिरणारी वीज छातीवरच्या आणि हातापायांवरच्या पट्ट्यांमधून कागदावर उतरते, एवढंच. रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यावर पोसलेला स्नायूचा तुकडा उपाशी राहतो, त्या तुकड्याची वीज शेजारच्या निरोगी स्नायूपेक्षा वेगळी होते, आणि हा फरक कागदावर एसटी नावाची रेघ वर उचललेली दिसून कळतो. म्हणजे आपण वीज बघून रक्तवाहिनीचा अंदाज करत असतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो. पण स्नायूच्या दोन भागांच्या विजेत असाच फरक दुसऱ्या कशाने पडला, तर कागद तेच चित्र काढणार.

डायबेटिक कीटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची अॅसिडं साचतात आणि आम्ही ज्याला डीकेए म्हणतो त्यात, हे दुसरं कारण बहुतेकदा पोटॅशियम असतं. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आत १४० च्या आसपास, बाहेर रक्तात ३.५ ते ५ मिलीमोल प्रतिलिटर. हा जमीनअस्मानाचा फरक पेशीच्या भिंतीवरचे पंप टिकवून धरतात, आणि त्या पंपांना जोर देणाऱ्यांत इन्सुलिन महत्त्वाचं. इन्सुलिन संपलं की पंप मंदावतात. वर रक्तातली साखर इतकी चढते की ती पेशींमधलं पाणी बाहेर ओढते, आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर येतं. अॅसिडमुळे पोटॅशियम वाढतं असं सरसकट सांगितलं जातं. त्याचा वाटा आहे, पण डीकेएमध्ये मोठा वाटा इन्सुलिनच्या अभावाचा आणि घट्ट झालेल्या रक्ताचा असतो. शरीरातलं पाणी आटल्याने मूत्रपिंडंही पोटॅशियम बाहेर टाकायला कमी पडतात.

बाहेरचं पोटॅशियम ४ वरून ८ वर गेलं की हृदयाच्या पेशीचा विश्रांतीतला विजेचा दाब, जो उणे ९० मिलीव्होल्टच्या आसपास असतो, तो उणे ७५ च्या दिशेने सरकतो. त्या पातळीला सोडियमच्या बऱ्याच वाटा बंद पडतात, वीज रखडत पुढे जाते, आणि सगळा स्नायू सारख्या प्रमाणात रखडत नाही. काही भाग जास्त, काही कमी. झाला की फरक तयार. कागदावर एसटी वर, विशेषतः व्ही-१, व्ही-२ आणि एव्हीआर या जागांवर (ईसीजी हृदयाकडे अनेक बाजूंनी पाहतो, त्या प्रत्येक बाजूला असं नाव असतं). रक्तवाहिन्या मात्र मोकळ्या असू शकतात.

हे काही नवं सापडलेलं नाही. १९५६ साली लिव्हाईन, वॉन्झर आणि मेरिल यांनी पोटॅशियम वाढलेल्या रुग्णांमध्ये हार्ट अटॅकसारखा दिसणारा ईसीजी नोंदवला आणि डायलिसिसनंतर तो पुसला गेल्याचं दाखवलं. त्यांनी त्याला डायलिसिसने धुवून निघणारा इजेचा प्रवाह म्हटलं. मला हे नाव फार आवडतं, कारण त्यात रोगाचं स्वरूप आणि उपाय दोन्ही आले. तुमच्या भावाच्या बाबतीत तो डायलिसिसऐवजी सलाईन आणि इन्सुलिनने धुतला गेला.

एक रात्र सांगतो, म्हणजे हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते कळेल. १९ वर्षांची मुलगी, पहाटे तीनच्या सुमारास आली. सिस्टरने ईसीजीचा कागद माझ्या हातात ठेवला, त्यावर मशीनने स्वतःच वर छापलं होतं की तीव्र हार्ट अटॅकची शक्यता. हृदयाची गती छापली होती २१२. मी मनगटावर बोटं ठेवली तर नाडी १०६. बरोबर निम्मी. टी वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर स्नायू पुढच्या ठोक्यासाठी सावरतानाच्या लाटा, इतक्या उंच आणि टोकदार झाल्या होत्या की मशीन त्यांनाच ठोके समजून दुप्पट मोजत होतं. आम्हाला पोटॅशियमची पहिली खूण तिथेच मिळाली. मग कागद पुन्हा पाहिला: टी वेव्ह तळाशी अरुंद, वर तंबूच्या टोकासारख्या, पी वेव्ह (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लाट) जवळजवळ सपाट, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या मुख्य ठोक्याची लाट) रुंद, व्ही-१, व्ही-२ मध्ये एसटी चार मिलिमीटर वर, पण वरून खाली उतरत गेलेली. मुलगी खोल आणि वेगाने श्वास घेत होती, तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास.

एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्ताची झटपट तपासणी करणाऱ्या, मशीनवर काही मिनिटांत पोटॅशियम कळतं, प्रयोगशाळेच्या रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही. आकडा आला ७.८, पीएच ६.९८, म्हणजे रक्तात अॅसिड फारच वाढलेलं. पण तो येण्याआधीच कॅल्शियम ग्लुकोनेट सिरिंजमध्ये भरून झालं होतं. दहा टक्क्यांचं दहा मिली, तीन मिनिटांत, सावकाश. या तीन मिनिटांत मी सिरिंजकडे बघत नाही, मॉनिटरकडे बघतो. पहिल्या डोसनंतर क्यूआरएस थोडा आवळला. पाच मिनिटांनी दुसरा डोस दिला, आणि पसरलेल्या, आळसावलेल्या लाटा डोळ्यांदेखत पुन्हा उभ्या, टोकदार ठोक्यांसारख्या दिसू लागल्या. इतक्या वर्षांनंतरही हे बघताना छातीतला श्वास सुटतो. चार तासांनी पोटॅशियम ५.१, एसटीची रेघ जागेवर. सकाळी तिने पाणी मागितलं.

कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही, हे लक्षात घ्या. ते फक्त हृदयाच्या पेशीला सावरून धरतं, तेही अर्धा ते एक तास. तेवढ्या वेळात सलाईन आणि इन्सुलिनने पोटॅशियम पेशींमध्ये परत ढकलायचं असतं. आणि कॅल्शियमने ईसीजी लगेच सुधारला, तर आपण योग्य वाटेवर आहोत याचा तो भक्कम पुरावा असतो. बंद पडलेली रक्तवाहिनी कॅल्शियमने उघडत नाही.

मग पहिल्या डॉक्टरांनी घाई का केली? कारण खऱ्या अटॅकमध्ये घड्याळ सतत चालू असतं. रुग्ण दारातून आत आल्यापासून ९० मिनिटांत रक्तवाहिनी उघडावी, ती सोय नसेल तर गुठळी विरघळवणारं औषध अर्ध्या तासाच्या आत सुरू व्हावं, असा आमचा दंडक आहे. हा दंडक चांगला आहे, त्याने असंख्य जीव वाचतात. पण डीकेएच्या रुग्णाला चुकून ते औषध दिलं तर मेंदूत रक्तस्रावाचा धोका उगाच ओढवून घेतला. अँजिओग्राफीला नेलं तर आधीच कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडांवर अँजिओग्राफीत टोचल्या जाणाऱ्या द्रवाचा, म्हणजे डायचा, भार, आणि खरं भय वेगळंच: पोटॅशियम ८ असलेला रुग्ण टेबलावर असताना हृदय थांबू शकतं, कारण सगळ्यांचं लक्ष मनगटातल्या तारेवर असतं आणि कॅल्शियम कोणी दिलेलंच नसतं. मी शिकत असताना एका रुग्णाला गुठळीचं औषध द्यायला निघालो होतो. औषध विरघळवून तयार होतं. माझ्या वरिष्ठ बाईंनी विचारलं, "शुगर किती आहे याची?" मी पाहिली नव्हती. मीटरने नुसतं 'हाय' दाखवलं, आकडाच नाही. त्यानंतर आजतागायत, एसटी वर दिसली की एका हाताने हृदयरोगतज्ज्ञांना फोन आणि दुसऱ्या हाताने ग्लुकोमीटर, हे मी सोडलेलं नाही. यात मिनिटभरही वाया जात नाही.

आता दुसरी बाजू, आणि तुमच्यासारख्यांना हे सांगताना मी मुद्दाम जोर देतो. 'डायबेटिसमध्ये ईसीजी असाच दिसतो, काळजी नको' असा अर्थ यातून कोणी काढू नये. तसं समजणं जीवघेणं ठरू शकतं.

६१ वर्षांचे एक गृहस्थ आले होते, टाइप-२ डायबेटिस, डीकेए, छातीत अजिबात दुखत नव्हतं. दुखत नव्हतं याला मी महत्त्व दिलं नाही, कारण बरीच वर्षं डायबेटिस असलेल्यांच्या नसा बोथट होतात आणि अटॅक मुकाट्याने येऊन जातो. कधी नुसती मळमळ, कधी फक्त थकवा. त्यांच्या ईसीजीत एसटी दोन, तीन आणि एव्हीएफ या खालच्या जागांवर वर होती आणि एक व एव्हीएलमध्ये आरशासारखी खाली. पोटॅशियम ४.६. पोटॅशियमचा मुखवटा इथे शक्यच नव्हता. सलाईन आणि इन्सुलिन चालू ठेवूनच त्यांना अँजिओग्राफीला नेलं, उजवी धमनी पूर्ण बंद होती. डीकेए झाला होता तो त्या अटॅकमुळे. अटॅकच्या ताणाने अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल उसळतात, ते इन्सुलिनला नामोहरम करतात, आणि कीटोन साचायला लागतात. म्हणून प्रौढ माणसाला डीकेए झाला की 'कशामुळे झाला' या प्रश्नाच्या यादीत जंतुसंसर्ग आणि चुकलेलं इन्सुलिन यांच्या जोडीला हार्ट अटॅक कायम असतो.

तेव्हा निवाडा करताना मी काय जोखतो? वय आणि आधीचा इतिहास हे पहिलं. २६ वर्षांच्या मुलात धमनी बंद असण्याची शक्यता कमी, ६१ व्या वर्षी भरपूर. पण शून्य कुठेच नाही. मग एसटीची जागा: ती एखाद्या धमनीच्या इलाख्याशी जुळते का, समोरच्या जागांवर तिचं उलटं प्रतिबिंब आहे का. टी वेव्हचा आकार: अटॅकच्या सुरुवातीला ती रुंद बुडाची, जाडजूड असते, पोटॅशियममध्ये अरुंद आणि अणकुचीदार. क्यूआरएस रुंद आणि पी गायब असेल तर माझं पारडं पोटॅशियमकडे झुकतं. शंका उरली तर पलंगापाशीच टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतो. स्नायूचा एखादा भाग हलत नसेल तर तो अटॅकच्या बाजूचा साक्षीपुरावा झाला, सगळ्या भिंती सारख्या आकुंचन पावत असतील तर मला धीर येतो.

यातलं एकटं काहीच पुरेसं नाही. एसटी उतरत गेलेली असेल तर पोटॅशियम, घुमटासारखी फुगलेली असेल तर अटॅक, असं सर्वसाधारणपणे म्हणतात, पण मी दोन्हीकडे फसवे कागद पाहिले आहेत. पोटॅशियमचा आकडाही फसवतो: रक्त काढताना पेशी फुटल्या तर तो खोटाच वाढलेला येतो, आणि उलट पोटॅशियम खरोखर ७ असताना ईसीजी निर्धास्त दिसू शकतो. पोटॅशियम नॉर्मल असतानाही निव्वळ डीकेएमध्ये एसटी वर गेल्याच्या नोंदी आहेत, तिथे कारण अजून पुरतं उलगडलेलं नाही.

ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा किंवा ताण झाला की रक्तात उतरणारं प्रथिन, याबद्दल बरेच नातेवाईक विचारतात, तुम्हीही विचारलं आहे. भावाचं ट्रोपोनिन थोडं वाढलेलं होतं, मग अटॅक नव्हता असं कसं म्हणता? डीकेएच्या ताणात, निव्वळ वेगाने धावणाऱ्या आणि अॅसिडमध्ये भिजलेल्या हृदयातूनही ट्रोपोनिन थोडं झिरपतं. अर्थ एका आकड्यात नसतो, आकड्यांच्या चालीत असतो. काही तासांच्या अंतराने दोन-तीनदा पाहिल्यावर ते झपाट्याने चढत गेलं असेल तर गोष्ट वेगळी. थोडं वाढून तिथेच राहिलं किंवा उतरलं तर इको आणि ईसीजीबरोबर ठेवून वाचायचं. तुमच्या भावाचे सगळे आकडे डिस्चार्जच्या कागदांत असायला हवेत. नसतील तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

उपचारात एक विरोधाभास आहे. भावाचं पोटॅशियम ७.४ होतं आणि काही तासांनी सलाईनमधून त्याला पोटॅशियमच दिलं गेलं, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं. रक्तात ते जास्त दिसत होतं, पण शरीरात एकूण साठा कमीच होता. उलट्या आणि लघवीवाटे दोन दिवस ते वाहून जात होतं. डीकेएमध्ये ही तूट दर किलो वजनामागे ३ ते ५ मिलीमोल धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसात १८० ते ३००. इन्सुलिन सुरू झालं की पोटॅशियम पेशींमध्ये धाव घेतं आणि रक्तातली पातळी भराभर कोसळते. तेव्हा ईसीजीत उलटं चित्र: टी चपटी, तिच्यामागे यू नावाची छोटी लाट उमटते, क्यूटी (ठोक्याच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचा काळ) लांबतं, आणि तेही तितकंच धोक्याचं. म्हणून दर दोन तासांनी पोटॅशियम, आणि ५ च्या आसपास आलं की लघवी नीट होत असल्यास सलाईनमध्ये पोटॅशियम मिसळणं सुरू. ज्याचं सुरुवातीलाच ३.५ च्या खाली असतं त्याला आधी पोटॅशियम देतो, इन्सुलिन थोडं थांबवतो. नातेवाइकांना वाटतं डॉक्टरांचं ठरत नाहीये. प्रत्यक्षात डोळ्यांत तेल घालून मागोवा चाललेला असतो.

आता तुमच्या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं. पहिला ईसीजी चुकीचा नव्हता; त्या क्षणी हृदयात जी वीज होती ती त्याने इमानाने दाखवली. अटॅक नव्हता हे म्हणायला पोटॅशियमचा आकडा, सहा तासांत पुसला गेलेला ईसीजी आणि भावाचं वय या तिन्ही गोष्टी एका दिशेने बोट दाखवतात. इको नॉर्मल असेल तर माझ्या मनात फारशी शंका उरणार नाही. इको झालाच नसेल तर तो करून घ्या. आणि कायमची इजा: निव्वळ पोटॅशियममुळे झालेला हा बदल स्नायू मारत नाही. वीज जागेवर आली की हृदय पूर्वीसारखं काम करतं. आता लगेच अँजिओग्राफी हवी का, हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण चढताना छातीत दाब येणं, इकोत काही सापडणं, घरात कमी वयात हृदयविकार असणं, यांपैकी काही असेल तर हा विषय त्यांच्यापाशी काढा. टाइप-१ अनेक वर्षांचा असल्याने कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि मूत्रपिंडाची तपासणी तशीही हवीच.

तो इतर कुठल्या गोळ्या घेतो तेही तपासून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या जातीच्या, आणि स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असलेल्यांना शुगर फारशी वाढलेली नसतानाही डीकेए होऊ शकतो, तेव्हा मीटरवर २०० दिसलं म्हणून निश्चिंत राहायचं नाही.

त्याला एक गोष्ट मात्र आजच सांगा: जेवण बंद म्हणून बेसल इन्सुलिन, म्हणजे जेवणाशी न जोडलेलं, दिवसभर पुरणारं इन्सुलिन, कधीही बंद करायचं नाही. आजारपणात शरीराला ते एरवीपेक्षा जास्तच लागू शकतं. उलट्या थांबत नसतील, कीटोन वाढलेले असतील किंवा श्वास खोल चालला असेल तर थेट रुग्णालय. दोन्ही ईसीजींच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलमध्येही फोटो ठेवा, कारण थर्मल कागदावरची छपाई काळाबरोबर उडते. पुढे कधी रात्री-अपरात्री कुठल्याही रुग्णालयात जावं लागलं तर दारातच ते दाखवा आणि सांगा: "याला टाइप-१ डायबेटिस आहे, मागच्या डीकेएत पोटॅशियम ७.४ होतं, तेव्हा ईसीजी असा होता आणि सहा तासांनी असा झाला." समोरच्या डॉक्टरांना तुलनेला जुना कागद मिळाला, तर तुमच्याकडून त्यांना याहून मोठी मदत होणार नाही.